चूक माझी, विमानही माझं

नेव्हिल आठ दिवसांसाठी आला तो कागद घेऊनच आला. नेव्हिल म्हणजे माझा एकुलता एक मुलगा. वय अडतीस, टूवूम्बा शहरात लोकांच्या जमिनी विकायचा धंदा करतो, आणि आता आईचं विमान विकायला निघाला होता. गिऱ्हाईकसुद्धा परस्पर ठरवून टाकलं होतं त्यानं. लाँगरीचचा कुणी हॅलोरन, शनिवारी येऊन बघून जाणार होता. फक्त माझी सही तेवढी राहिली होती, ती म्हणे किरकोळ बाब.

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट आहे. मी चौसष्ट वर्षांची होते, आणि बर्ट, माझा नवरा, जाऊन अकरा वर्षं झाली होती. टाराबीनचं आमचं रान मी एकटी सांभाळत होते. दोन गडी होते, पण ते गुरांचा कळप घेऊन महिनाभर उत्तरेला गेलेले. रानात नऊ बोअर, प्रत्येकावर एक पवनचक्की आणि खाली गुरांना पाणी प्यायला डोणी. शेवटचा बोअर घरापासून सत्तर मैल. फेब्रुवारीच्या भर उन्हाळ्यात पवनचक्की बंद पडली आणि दोन दिवसांत कुणाला कळलं नाही, तर डोणीभोवती मेलेली गुरंच मोजायची. गाडीनं नऊ बोअर बघायचे तर दोन दिवस लागतात, विमानानं तीन तास. तेव्हा विमान गेलं म्हणजे टाराबीन गेलं, आणि टाराबीन गेलं म्हणजे मी नेव्हिलच्या मागच्या खोलीत, पडदे कुठले हवेत ते सूनबाईंना विचारत. हे त्यालाही माहीत होतं, मलाही माहीत होतं.

"आई, तू विसरायला लागलीयस," तो न्याहारीला म्हणाला.

"काय विसरले?"

"परवा तुझा चष्मा बर्फाच्या कपाटात सापडला."

"थंड ठेवला होता. डोळे जळतात उन्हानं."

"चेष्टा नको. जमिनीवर विसरलीस तर चष्मा जातो. वर विसरलीस तर?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "हे बघ, गुरुवारी मी बोअर बघायला जाणार आहे. शेजारी बस. सगळं डोळ्यांनी बघ. परत आल्यावरही तुला वाटलं की मी उडवू नये, तर याच टेबलावर सही करते."

"शब्द?"

"शब्द."

बोलून गेले खरी. रागात माणूस फार उदार होतो.

आमच्याकडे एकट्यानं उडणाऱ्यांची एक पद्धत आहे. उडालं की शेजारणीला रेडिओवर परतायची वेळ सांगायची. माझी शेजारीण मर्टल, चाळीस मैलांवर राहते. उतरलं की तिला कळवायचं, मग ती निश्चिंत. सांगितल्या वेळेवर एक तास उलटला आणि कळवलं नाही, तर मर्टल सगळ्या मुलखाला उठवते आणि जो तो गाड्या, विमानं काढून शोधायला निघतो. आता माझ्या आणि मर्टलच्या घरांमध्ये लाल टेकडी आडवी. जमिनीवरून माझा रेडिओ पलीकडे पोचत नाही, आणि टेलिफोनची तार महिन्यातले वीस दिवस लोळत पडलेली. म्हणून मी वरूनच कळवते. टेकडी ओलांडली, धावपट्टी दिसली, की म्हणायचं, "मर्टल, किटली ठेवली." म्हणजे पोचले. इथं सगळेच असं करतात. नियमात बसत नाही, पण नियम लिहिणाऱ्यांच्या घराला टेलिफोन असतो.

गुरुवारी सकाळी निघालो. आठ बोअर ठीक होते. नवव्यावरून वळले तेव्हा अकरा वाजत आले होते, घर अजून सत्तर मैल. नेव्हिल सारखं काहीतरी विचारत होता. हा काटा कशाचा? तो का थरथरतोय? तू मघाशी डावीकडे बघितलंस का? विमानात बसून माझी परीक्षा घेत होता पोरगा, ज्याला मीच सायकल शिकवली.

"आणि मर्टलला कळवायचं? ते लक्षात आहे की नाही?" तो म्हणाला.

झालं. मी माइक उचलला. "मर्टल, किटली ठेवली."

"आज लवकर गं?" मर्टल म्हणाली. "पोराला केक दे माझ्याकडून."

"देते." माइक ठेवला आणि नेव्हिलकडे बघितलं. "लक्षात आहे."

"पण आपण अजून पोचलो कुठं?"

"पोचणारच आहोत."

चार मिनिटांनी इंजिन खोकलं. एकदा, मग दोनदा, मग थांबलं. पुढचा पंखा थोडा वेळ वाऱ्यानं फिरला आणि मग तोही आडवा होऊन उभा राहिला. बत्तीस वर्षं उडवत होते, पण चालू उड्डाणात पंख्याचं पातं स्थिर मी पहिल्यांदाच बघितलं. भीती वाटली. ते खोटं सांगणार नाही.

हात मात्र आपापलं काम करत होते. नाक खाली, वेग पासष्ट. टाकी बदलली. चावी फिरवली. काही नाही. परत फिरवली. काही नाही. खाली दोन हजार फूट, म्हणजे तीन मिनिटं.

"आई, काय झालं?"

"इंजिन बंद पडलं."

"मग चालू कर!"

"बरं झालं सांगितलंस."

त्यानं पुढे बोट दाखवलं. "रस्ता आहे! तो बघ, सरळ रस्ता! त्याच्यावर उतर!"

खाली आमच्या रानाचा मातीचा रस्ता होता, आखल्यासारखा सरळ. शहरातल्या माणसाला रस्ता दिसला की धीर येतो. मला त्याच्या दोन्ही कडांना यंत्रानं ओढून ठेवलेले मातीचे बांध दिसत होते, चाकाच्या वर जाणारे. आणि पुढे गुरं अडवायची लोखंडी जाळी, दोन बाजूंना दोन खांब. त्या खांबांमधून ट्रक जातो, पंख जात नाहीत.

"रस्ता नको."

"अगं पण रस्ता आहे!"

"नेव्हिल, गप्प बस. चष्मा काढ, खिशात ठेव. पट्टा ओढ. आणखी ओढ. तुझं दार उघडून फटीत तुझा बूट अडकव."

"बूट?"

"दाराला वाकडं व्हायला वेळ लागत नाही. मग बाहेर कसा येशील?"

त्यानं बूट काढला. दाराच्या फटीत कोंबला.

डावीकडे चिकणमातीची सपाटी होती. पावसात तिथं वीतभर पाणी साठतं आणि मग वर्षभर कोरडं पडतं. मधला भाग पांढरा, एका कडेला गडद. गडद म्हणजे आत ओल, तिथं पुढचं चाक रुतलं की विमान उताणं. पांढऱ्याला लागायचं, आणि लांबी होती सहाशे पावलं, फार तर साडेसहाशे. मी वळले. वारा उजवीकडून होता. उंची जरा जास्त वाटली म्हणून विमान तिरकं घातलं, तेव्हा नेव्हिलनं आईग्गं म्हटलं. मी शेजारीच होते, पण त्याला मी नको होते बहुतेक.

काटेरी झुडपं चाकांखालून गेली. मग माती. एकदा आपटलो, वर उडालो, परत आपटलो, आणि मग ते पळत राहिलं, पळत राहिलं, माती काचेवर येत राहिली. थांबलं तेव्हा गडद पट्टा वीस पावलांवर होता.

मग नुसती शांतता. तापलेलं लोखंड टकटक करत होतं. पहिली माशी आत आली.

"उतर," मी म्हटलं. बाहेर येऊन पहिल्यांदा चाकं बघितली, धड होती. नेव्हिल एका बुटावर उभा राहून ओकला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो लहानपणी गाडीत बसला की ओकायचा, तसाच ओकला.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "मर्टल शोधायला लावेल ना आता? किती वेळ लागेल?"

मी आतून पाण्याचा डबा काढला.

"आई?"

"मर्टल शोधणार नाही. मी तिला किटली ठेवली म्हणून सांगितलंय."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त घड्याळ बघितलं आणि विचारलं, "कधी कळेल कुणाला?"

"शनिवारी. तुझा हॅलोरन येईल, घरात कुणी नाही बघून बोंब ठोकेल. ठोकली तर."

दोन दिवस. आमच्याकडे चार लिटर पाणी होतं आणि खारवलेल्या मांसाची चार सँडविच. विमानाच्या रेडिओवर हाका मारल्या. जमिनीवरून कुणापर्यंत पोचतात? त्या वाटेनं वरून कुणी जातही नाही. उन्हात चव्वेचाळीस डिग्री.

"ती पवनचक्की दिसतेय," नेव्हिल म्हणाला. "आठवा बोअर ना? चार किलोमीटर असेल. मी जाऊन येतो."

"अकरा आहे. इथं लांबचं जवळ दिसतं."

"तरी मी जाऊ शकतो."

"विमान सोडून कुणी जायचं नाही. हा इथला पहिला धडा. तुला सहाव्या वर्षी शिकवला होता. जे गेले ते वाटेत सापडले, आणि जे थांबले ते गाडीच्या सावलीत सापडले, जिवंत."

"थांबणाऱ्यांना शोधायला कुणीतरी निघालेलं असतं, आई!"

मी पाण्याचा डबा जमिनीवर ठेवला आणि त्याच्यावर बसले. "पाणी माझ्याकडे आहे. आता जा."

तो गेला नाही. पंखाखाली लोळण घेऊन पडला, आणि मी कामाला लागले. इंजिन का थांबलं हे न कळता बसून राहणं मला जमणार नव्हतं. काट्यावर पेट्रोल होतं. खालच्या नळीतून थोडं काढून बघितलं, स्वच्छ, पाणी नाही. मग पंखावर चढून टाकीचं झाकण फिरवलं. ते सैल झाल्याबरोबर हवा सूं करून आत ओढली गेली, इतक्या जोरानं की झाकण हाताला चिकटलं.

तेव्हा कळलं. टाकीतलं पेट्रोल कमी होतं तशी हवा आत जावी लागते. दोन्ही टाक्यांना मिळून ती एका बोटभर नळीतून जाते, डाव्या पंखाखाली. खाली उतरून वाकून बघितलं. नळीचं तोंड मातीनं लिंपलेलं, गुळगुळीत. कुंभारीण माशीचं घर. त्या माशीला अर्धा दिवस पुरतो. म्हणूनच विमान उभं असताना त्या नळीत आम्ही लाल फडक्याचा बोळा कोंबून ठेवतो आणि निघताना काढतो.

"नेव्हिल," मी म्हटलं. "इथलं लाल फडकं कुठं गेलं?"

तो उठून बसला. त्याचा चेहरा पडला.

"काल मी विमान धुतलं ना. हॅलोरनला दाखवायला फोटो काढले. ते लोंबत होतं, घाण दिसत होतं. मी काढून टाकलं."

"आणि परत लावलं नाहीस."

"मला माहीत नव्हतं कशाचं आहे ते!"

माझ्या तोंडून जे निघालं ते मी लिहीत नाही. बर्टच्या गड्यांकडून शिकलेले सगळे शब्द बाहेर आले. गिऱ्हाईकाला चकाचक दाखवायला आईचा जीव टांगणीला लावलास, असंही म्हटलं. तो मान खाली घालून ऐकत होता. आणि बोलता बोलता मीच थांबले, कारण खरी गोष्ट मला माहीत होती. सकाळी मी विमानाभोवती फिरले होते, रोजच्यासारखी. नळीजवळ आले. फडकं नव्हतं. मी मनात म्हटलं, आत्ताच काढलं असेल मी. काढल्याचं आठवत नव्हतं. आणि नेव्हिल मागेच उभा होता. त्याला विचारलं असतं, "फडकं मी काढलं का रे?" तर त्याला पाहिजे तेच मिळालं असतं. बघ, आई विसरली. म्हणून विचारलं नाही. वाकून बघितलंही नाही. ताठ मानेनं पुढे गेले.

हे मी त्याला सांगितलं. उभं राहून, सगळं.

"मला घाबरून?" त्यानं विचारलं.

"तुझ्या कागदाला घाबरून."

तारेचा तुकडा घालून नळी मोकळी केली. आत माती आणि हिरव्या अळ्या, पिल्लांसाठी साठवलेल्या. इंजिन चालू केलं. दुसऱ्या फिरकीला लागलं आणि नीट चाललं. मी ते दहा मिनिटं चालवून बघितलं, आणि मग बंद केलं.

"बंद का केलंस? चल ना!"

"या उन्हात दोघांना घेऊन ते सहाशे पावलांत उचलणार नाही. पाच वाजता हवा गार होईल, वारा समोरून घेऊ. तोवर पडून राहा."

"मी खाली थांबलो तर? वजन कमी होईल. तू जा, मर्टलला सांग, मला न्यायला पाठव."

हे तो मनापासून म्हणाला. पोटच्या पोराचा मला त्या दिवशी पहिल्यांदा अभिमान वाटला, आणि मी ते तोंडावर सांगितलंही. पण त्याला तिथं सोडणार नव्हते.

मागच्या सीट काढल्या, हत्यारांची पेटी काढली, सगळं झुडपाखाली ठेवलं. त्याला सपाटी पावलांनी मोजायला लावली. चारशे पावलांवर त्यानं आपला पांढरा शर्ट झुडपाला बांधला. म्हटलं, "शर्टापर्यंत चाकं सुटली तर जाऊ. नाही सुटली तर मी इंजिन बंद करून थांबवणार, आणि मग आपण दोघं इथं शनिवारपर्यंत पत्ते कुटू."

"पत्ते कुठायत?"

"म्हणूनच सुटली पाहिजेत."

पाच वाजता तो बनियनवर येऊन शेजारी बसला, पट्टा स्वतःच ओढला. मी ब्रेक दाबून इंजिन पूर्ण वाढवलं आणि सोडलं. शर्ट जवळ येत होता. नेव्हिलनं डोळे मिटले नाहीत, मी बघितलं. तीस पावलं आधी चाकं सुटली.

टेकडी दिसायच्या आतच मी माइक उचलला. "मर्टल, सकाळी खोटं बोलले. इंजिन बंद पडलं होतं, चिकणमातीवर उतरले, आता परत वर आहे. उतरेपर्यंत सगळं तुला ऐकवत राहते."

आमच्या रेडिओवर अर्धा मुलूख कान लावून असतो. "कशाला सगळ्यांना सांगतेस?" नेव्हिल पुटपुटला.

"उद्या कुणी माझ्यासारखी किटली ठेवू नये म्हणून."

मर्टल आधी रडली, मग तिनं मला जे सुनावलं ते सगळ्यांनी ऐकलं. मी ऐकून घेतलं.

घरी पोचलो तेव्हा उजेड होता. हातसुद्धा न धुता मी विमानाची वही काढली. प्रत्येक विमानाची एक वही असते. काय बिघडलं, का बिघडलं, सगळं त्यात शाईनं लिहायचं. नेव्हिल समोर बसला होता.

"आज नको लिहूस," तो म्हणाला. "विकत घेणारा पहिल्यांदा वहीच उघडतो."

मी लिहिलं. इंजिन बंद. हवेची नळी मातीनं बुजलेली. निघण्याआधी तपासणी नीट केली नाही. वैमानिकाची चूक. खाली सही केली, व्हर्ना क्विल्टी.

"फडकं मी काढलं, ते लिही ना."

"तू काय वाटेल ते काढशील. बघायचं काम माझं होतं."

मग मी त्याचा कागद पुढे ओढला आणि पेन हातात ठेवूनच विचारलं, "आता सांग. शब्द दिलाय मी. अजून वाटतं तुला, मी उडवू नये?"

त्यानं टेबलाकडे बघितलं. त्याला खोटं बोलता आलं असतं, माझ्यावर उपकार म्हणून. तो माझा मुलगा आहे, बोलला नाही.

"वाटतं," तो म्हणाला. "आज जास्तच वाटतं. तू उतरवलंस तसं कुणी उतरवलं नसतं, पण पुढच्या वेळी सपाटी नसेल. मला भीती वाटते, आई."

"मलाही वाटली."

"मग?"

मी पेनचं टोपण लावलं. "मग मी सही करत नाही."

"शब्द दिला होतास."

"दिला होता. मोडते. आज सकाळी मर्टलला खोटं सांगितलं ते तोऱ्यात, नळी बघितली नाही ती भीतीनं. हा शब्द मात्र मी नीट शुद्धीवर राहून मोडतेय. सांग टूवूम्बात सगळ्यांना, आईनं शब्द मोडला. खरं आहे ते. मरायचं असेल तर मी माझ्या डोणीजवळ मरेन, पण त्या मागच्या खोलीत पडद्यांचे रंग निवडत बसणार नाही."

कागद त्यानं फाडला नाही, घडी घालून पिशवीत ठेवला. रात्री दोघांनी सँडविचच खाल्ली, दुसरं काही करायचं त्राण नव्हतं.

शनिवारी हॅलोरन आला तेव्हा मी घरी नव्हते. नेव्हिलनंच त्याला अंगणात गाठलं, हे मला मर्टलनं मागाहून सांगितलं, तिला हॅलोरननं सांगितलं. एवढ्या लांब आलेला माणूस, वैतागलेला. त्यानं विचारलं, विमान कुठंय?

"बोअर बघायला गेलंय," नेव्हिल म्हणाला.

"कोण घेऊन गेलं?"

"ज्यांचं आहे त्या."